रातपाळीचे आठवडे

८ जानेवारी १९८६, बुधवार

ह्यांना फॅक्टरीतून नवी डायरी मिळाली, ती ह्या वर्षी मी मागून घेतली. काय लिहिणार म्हणाले. हेमूच्या आकड्या लिहीन म्हटलं. खरं कारण वेगळं आहे. ती रंभाबाई आमच्या घरचं सगळं तिच्या वहीत उतरवून नेते. तर मी तिचं लिहून ठेवीन.

रंभाबाई म्हणजे पालघरच्या एका संस्थेची बाई. मूळची मुरब्याची, कोळ्यांची. पन्नाशीची असेल. काखेत लांबुळकी वही, पायात रबरी चपला. हेमूसारखी मुलं ज्या घरात आहेत त्या घरांत ती फिरते, आमच्याकडे नोव्हेंबरपासून येते. आमची हेमू चार वर्षांची. मान अजून धरत नाही, पाय कात्रीसारखे एकावर एक जातात, अधूनमधून आकडी येते. आकडीची गोळी संस्थेच्याच दवाखान्यातून मिळते. सकाळी अर्धी, रात्री एक.

आज तिने विचारलं, हेमू दिवसाची किती झोपते, भरवतं कोण, गिळताना ठसका लागतो का, मी पाण्याला जाते तेव्हा तिच्याजवळ कोण असतं. मग उठता उठता म्हणाली, "दादाची पाळी कुठली हाय या हप्त्याला?" पहिली, म्हणून मी सांगून टाकलं. ती गल्लीच्या टोकाला पोचल्यावर मला सुचलं, ह्यांच्या पाळीशी हिला काय करायचंय? फॅक्टरीवाल्यांनी तर पाठवली नाही?

१५ जानेवारी, बुधवार

पालघरला जाऊन आले. गोळ्या आणायला खिडकीपर्यंत जायचे, पण सगळं दाखवून घे म्हणून रंभाबाई दोन महिने मागे लागली होती. बुधवारी तिथे डॉक्टर, व्यायामवाल्या बाई, पायाच्या पट्ट्या करणारा, सगळे एका ठिकाणी असतात. आजवर मी एकाकडे आकडीसाठी जायचे, दुसरीकडे पायांसाठी, आणि मनोरच्या वैद्याची भुकटी निराळी. कोणी काय दिलं ते दुसऱ्याला ठाऊक नसायचं. रंभाबाईने सगळ्या चिठ्ठ्या मागितल्या. भुकटीचं मी सांगितलं नाही.

दहा-अकरा आया होत्या. व्यायामवाल्या बाईंनी हेमूचे पाय सोडवायची रीत दाखवली, ती चांगली वाटली. पण एक बाई तिच्या मुलाला तिथल्या मदतनीस बाईजवळ ठेवून बाजारात गेली, ती आमची बस निघेपर्यंत परत आली नव्हती. मुलगा भिंतीला टेकवलेला, दाराकडे बघत. मग मला एका कागदावर सही करायला सांगितलं. त्यात "संगोपन" असा शब्द होता. मी म्हटलं, घरी विचारून करते, आणि कागद पिशवीत घालून आणला. मागच्या चाळीतल्या एका बाईचं पोर असंच कुठल्याशा आश्रमात गेलं, अंगठा उठवून घेतला होता म्हणतात.

आमच्या बोईसरमध्येही समाजमंदिराची एक खोली मिळतेय म्हणे. इथल्या पाच-सहा घरांतली मुलं दिवसा तिथे ठेवायची, आयांनी आळीपाळीने बसायचं. हेमूला कोणाच्या पाळीवर सोडायची? मी नाही म्हणून सांगितलं.

२३ जानेवारी, गुरुवार

रातपाळीचा आठवडा. हे साडेसातला येतात, चहा घेऊन आडवे होतात, तोवर हेमूचं सुरू होतं. तिचं रडणं इतर मुलांसारखं नाही, एका सुरात लागतं, आणि आमची एकच खोली, वर पत्रा. मी तिला घेऊन बाहेर बसते, पण ऊन वर आलं की आत यावंच लागतं. दहाला पाणी सुटतं. नळ चाळीच्या टोकाला, रांग मोठी, दीड तास सहज जातो. इतर वेळी हेमूला शेजारच्या जमनाकडे देते. ह्या आठवड्यात हे घरात असतात म्हणून ह्यांच्याजवळच.

आज हंडा घेऊन आले तर घरात चिडीचूप. हे भिंतीकडे तोंड करून झोपलेले, त्यांच्या पाठीशी हेमू, तीही गाढ. दोन वाजेपर्यंत उठली नाही. कितीतरी दिवसांनी मी बसून जेवले. व्यायामाने अंग मोकळं होतंय असं दिसतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

गोळ्या चार दिवस आधीच संपल्या. महिन्याच्या मोजून देतात, मी एकही जास्त दिलेली नाही. म्हणजे मुळातच कमी दिल्या. दवाखान्याच्या खिडकीवरचा कंपाउंडर नवा आहे, बोलतो कमी आणि नजर चुकवतो. आज नव्या आणल्या, तिथेच त्याच्यासमोर मोजून घेतल्या. भरल्या पंचेचाळीस. मी बघतेय म्हटल्यावर भरणारच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा रातपाळी. हेमू परवापासून मलूल आहे. दुपारी उठते पण डोळे अर्धे. चमचा तोंडाशी नेला की घास ओठातच राहतो, काल ठसका लागून जीव घाबरा झाला. जमना म्हणाली, "पोर लई सुस्त दिसते. डागदरला दाखव." जमना जव्हारकडची, इथे दुपारच्या पाळीला पॅकिंगच्या कामाला जाते. माणूस चांगलं आहे. पण तिची मावशी झाडपाला देते, आणि हेमूला तिच्याकडे ठेवते तेव्हा तिने काही चाटवलं नसेल कशावरून? ह्यांना म्हटलं तर म्हणाले, उगाच कोणावर आळ घेऊ नकोस. एवढं बोलून कूस बदलली.

वैद्याची भुकटी बंद केली. तीच बाधत असेल.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज रंभाबाईचं खरं रूप पाहिलं.

मी पालघरला गेले नाही म्हणून तीच आली. हेमू चार दिवसांत टवटवीत झालीय, तिला बघून हसली. रंभाबाई मात्र हसली नाही. गोळ्यांची पुडी मागितली, जमिनीवर पदर पसरून त्यावर ओतली आणि एकेक मोजली. एकवीस-बावीस हव्या होत्या, चौदा निघाल्या. मला विचारलं, तू किती देतेस. जेवढ्या सांगितल्या तेवढ्या. तिने गोळ्या परत पुडीत भरल्या. वहीची मागची पानं उलटली, जानेवारीतलं काही वाचलं, आणि पुन्हा तोच प्रश्न: गेल्या हप्त्याला दादाची पाळी कुठली होती?

माझं डोकं फिरलं. ह्या घरात चोर धरायला आलीस का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, "चोर नाय शोधत बाय. पोरगी कदी झोपते नि कदी जागी ऱ्हाते, येवडंच बगते." मग जमनाच्या दाराशी उभी राहून तिच्याशीही बोलली. मी आतून ऐकायचा प्रयत्न केला, पण नळावरची भांडणं मोठी होती.

पुडी गेल्या महिन्यात दोनदा रंभाबाईच्या हातात होती. जमनाही घरात येते-जाते. आता मी पुडी देवाच्या तसबिरीमागे ठेवली आहे. ह्यांच्याशिवाय कोणाला सांगितलेलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

पालघरला जाऊन नवी पुडी आणली आणि कोणाशी न बोलता परतले. रंभाबाईने लांबूनच पाहिलं.

४ मार्च, मंगळवार

कालपासून रातपाळी. ह्यांच्या डब्यातलं अन्न तसंच परत येतं. डोळे आत गेलेत. हात मात्र सारखे धूत असतात, रंगखात्याचा निळा काही निघत नाही.

आज चहा पिताना म्हणाले, हेमूला घेऊन आठवडाभर उमरोळीला जाऊन ये. उमरोळी माझं माहेर, वाडी आहे, घर मोठं आहे. पण वहिनी हेमूला पाहिलं की तिच्या पोरांना आत घेते. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, ती समाजमंदिराची खोली सुरू झालीय, तिथे तरी दुपारपर्यंत बस. म्हणजे रंभाबाई ह्यांना बाहेर कुठेतरी गाठतेय. मी म्हटलं, तुम्हाला पोर घरात नको झालीय का? त्यांनी कप खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून निजले. मला वाईट वाटलं, पण बोललेलं परत घेता येत नाही.

पाण्याहून आले तेव्हा हेमू झोपलेली होती.

१० मार्च, सोमवार. दवाखान्यातून

गुरुवारपासून लिहायला झालं नाही. आता हेमू झोपली आहे आणि ही झोप साधी आहे, हे नर्सने दोनदा सांगितलं म्हणून लिहायला घेतलं.

गुरुवारी पाण्याहून परत रॉकेलच्या रांगेत गेले, यायला साडेबारा झाले. हेमू घोरत होती. ती कधी घोरत नाही. उचलली तर कात्रीसारखे ताठ असणारे तिचे पाय ओल्या फडक्यासारखे लोंबले. एरवी मी त्याच पायांसाठी रडते, आणि ते असे सैल पडलेले पाहून मला किंचाळायलाही सुचेना. तोंडावर पाणी मारलं, नुसती पापणी हलली. ह्यांना हलवलं. हे उठून बसले, हेमूकडे पाहिलं, आणि अंगात सदरा न घालता बाहेर धावले. जमनाने रिक्षा आणली. बोईसरच्या डॉक्टरांनी हातही लावला नाही, थेट पालघरला न्या म्हणाले. वाटेत मी मोजत होते, दोन श्वासांत किती वेळ जातो ते.

डॉक्टरांनी विचारलं, काय काय दिलंय. सकाळी अर्धी गोळी, मी सांगितलं. दुसरं काही? नाही. भुकटी? ती कधीच बंद केली. खरं सांगा म्हणाले, नुसत्या अर्ध्या गोळीने हे होत नाही. मी देवाची शपथ घेतली. मग मी जमनाचं नाव घेतलं. ती तिथेच उभी होती, माझी पिशवी घेऊन, चप्पल न घालता आलेली.

एवढ्यात रंभाबाई आली. कोणी बोलावली ठाऊक नाही. तिने वही उघडून डॉक्टरांपुढे धरली. मी पहिल्यांदा ते पान पाहिलं. वर हेमांगी आत्माराम असं नाव. खाली तारखा. कुठल्या तारखेला सुस्त, कुठल्या तारखेला ठसका, किती गोळ्या हव्या, किती होत्या. मनोरची भुकटीसुद्धा होती, ती तिने जमनाला विचारून लिहिली होती. शेवटच्या रकान्यात पाळी. पहिली, दुसरी, रात. जिथे जिथे सुस्त लिहिलं होतं तिथे तिथे पुढे रात होतं.

मला ते पान वाचता येत होतं, पण समजत नव्हतं. डॉक्टरांना समजलं. त्यांनी मान वर करून दाराकडे पाहिलं. तिथे हे उभे होते, जमनाच्या नवऱ्याचा सदरा घालून.

"मी दिल्या," हे म्हणाले.

किती, म्हणून डॉक्टरांनी विचारलं.

"आज चार. काल तीन. आधी अर्धीच द्यायचो. मग अर्धीने झोपंना."

डॉक्टर हेमूकडे वळले. हेमूच्या नाकातून नळी घातली, सलाईन लावलं, दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायचं होतं. ते मी केलं. ह्यांना मी पलंगाजवळ येऊ दिलं नाही. हे दोन रात्री व्हरांड्यात बसून होते, कामावर गेले नाहीत.

शनिवारी पहाटे हेमू रडली. तोच तिचा एका सुरातला आवाज. आजूबाजूच्या बायका जाग्या झाल्या, एक जण वैतागलीही. मी तिला गप्प केलं नाही.

१२ मार्च, बुधवार

घरी आलो. पोलिसात कळवायचं का, ह्यावर डॉक्टर आणि रंभाबाई बराच वेळ बोलत होते. दार अर्धं उघडं होतं. रंभाबाईचं एक वाक्य ऐकलं, "बापाला पोलीस घेऊन गेला, तर उद्या पोरीला उचलनार कोन?" डॉक्टरांनी ह्यांना आत बोलावून अर्धा तास झापलं. गोळ्या आता आठवड्याच्याच मिळतील आणि त्या जमनाच्या पेटीत राहतील, अशी अट घातली. जमनाने हो म्हटलं. मी तिच्यावर घेतलेला आळ तिने ऐकला होता, तरी हो म्हटलं.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी ह्यांना विचारलं, उठलीच नसती तर? मग सांगितलं ते असं. जानेवारीत वाफेच्या टाकीजवळ उभ्या उभ्या डोळा लागला. बाजूच्या कामगाराने कॉलर धरून मागे ओढलं, म्हणाला, सोएगा तो सीधा अंदर जाएगा. त्याच दिवशी घरी येऊन पहिली अर्धी गोळी दिली. "दवाखान्याचीच गोळी हाय, इख थोडीच हाय, असं वाटलं," म्हणाले. मला का नाही सांगितलं, विचारलं, तर म्हणाले, तुला काही सांगायला गेलं की तू आधी संशय घेतेस.

ह्याचा मला राग आला. संशय घेतला म्हणे. ज्याच्यावर घ्यायचा त्याच्यावर तर घेतलाच नाही.

आणि त्यांच्या मनात फक्त झोपच होती का, आणखी काही होतं, हे मी विचारलं नाही. त्या मंगळवारी मी स्वतःच त्यांना काय म्हटलं होतं, ते दोघांनाही आठवत होतं.

१५ मार्च, शनिवार

रंभाबाई आली. चहा दिला. मग म्हटलं, तुम्हाला फेब्रुवारीतच कळलं होतं. वहीत लिहिलंत, मला का नाही सांगितलंत? माझी पोर जात होती.

तिने कप हातात तसाच धरला. मग म्हणाली, "संशय होता, पक्कं नवतं. बोलले असते तर तू दार लावून घेतलं असतंस, मग पोरगी दिसलीच नसती. म्हनून दादाला रिक्षास्टँडवर गाठला, खोलीचं सांगितलं. वाटलं, येवडं पुरंल." कप खाली ठेवून म्हणाली, "चुकलं माजं. तुज्या दाराला भ्याले मी."

असं कबूल करणारं माणूस मी फार पाहिलेलं नाही. तरी ती गेल्यावर मला वाटलं, ही एवढं गोड बोलते ते त्या कागदावरच्या सहीसाठी तर नसेल? मग कागद काढून नीट वाचला. संगोपनाच्या पुढे लिहिलं होतं, "घरच्या घरी". ती ओळ मी त्या दिवशी वाचलीच नव्हती. सही केली नाही अजून. करीन.

२६ मार्च, बुधवार

परवापासून रातपाळी. समाजमंदिराच्या खोलीत हेमूला घेऊन नऊ ते तीन बसते. पाच मुलं आहेत. पहिल्या दिवशी मी दाराशीच बसले, कोण आत येतं, कोण बाहेर जातं ते बघत. आयांनी आळीपाळी ठरवलीय, म्हणजे मला दोन दिवस मोकळे मिळतील. मी ते दोन दिवसही तिथेच बसून काढणार आहे. इतर बाया हसतील, हसोत.

आज धर्माजी नावाच्या मुलाची आई, दांडीपाड्याची रखमा, पहिल्यांदा आली. रंभाबाईने वही उघडून तिला विचारलं, मुलगा किती झोपतो. रखमाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी खाली बघितलं. ती उत्तर न देता मुलाला उचलून निघून गेली. रंभाबाई वही मिटून म्हणाली, येईल परत. मला नाही वाटत.

हे फॅक्टरीत अर्ज देऊन आले, दोन महिने रातपाळी नको म्हणून. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. चिठ्ठीत "मुलीचे आजारपण" एवढंच आहे. अजून उत्तर नाही.

१० एप्रिल, गुरुवार

दुसऱ्या पाळीचा आठवडा, हे सकाळी घरीच. महिना झाला, हेमूला मी ह्यांच्याजवळ एकटं सोडलेलं नाही. पाण्याला जाताना कडेवर घेऊन जाते, एका हाताने हंडा. कंबर धरलीय. हे रोज बघतात. अर्ज नामंजूर झाला, तेही परवा जेवताना एका वाक्यात सांगितलं. पुढच्या सोमवारपासून पुन्हा रात.

आज पाणी सुटल्याची ओरड झाली तेव्हा हे व्यायामवाल्या बाईंनी शिकवलं तसे मांडी घालून बसले होते आणि हेमूची पाठ छातीशी टेकवून तिचे पाय हळूहळू सोडवत होते. बुधवारी पालघरला आले होते, तिथे बघून शिकलेत. हेमू त्यांच्या अंगठ्यावरच्या निळ्या डागाकडे टक लावून बघत होती. मी तिला घ्यायला हात पुढे केले. हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जा तू."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मी जमनाकडे गेले, पेटीतली पुडी काढून गोळ्या मोजल्या. बरोबर होत्या. मग हंडा घेऊन नळावर गेले.

रांगेत पुढे दोघी होत्या. माझा नंबर आला, हंडा लावला, धार सुरू झाली. चाळीतून काही आवाज येत नव्हता. मागे उभ्या असलेल्या बायका बडबडत होत्या, तरी मला तेवढंच ऐकू येत होतं, की आवाज येत नाही. अर्धा हंडा झाला तसा मी तो काढला आणि घरी निघाले. पाणी अंगावर सांडत होतं.

दाराशी उभी राहिले. दोघं होती तशीच बसली होती. हेमू जागी होती, तोंडातून लाळ गळत होती, आणि हे ती आपल्या बाहीने पुसत होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हंड्याकडे.

मी अर्धा हंडा घरात ओतला आणि उरलेलं पाणी भरायला परत गेले.